इसे जिंगूला पहिल्यांदा जाताना: आधी गेकू, मग नाइकू

जपानला येणारे आपले बहुतेक लोक क्योतोच्या फुशिमी इनारीला जातात, लाल तोरीईंच्या, म्हणजे देवस्थानाच्या कमानींच्या, रांगेत फोटो काढतात आणि शिंतो (जपानचा मूळ धर्म) देवस्थान बघून झालं असं धरून चालतात. तिथे जरूर जा. पण जपानी माणसाला विचारलंत की तुमचं सगळ्यात मोठं देवस्थान कोणतं, तर तो मिए प्रांतातल्या इसे शहराचं नाव सांगेल. मी नागोयात राहतो. भारतातून कोणी आलं की त्यांना इसेला न्यायचं काम माझ्याकडे येतं आणि दरवेळी तेच प्रश्न, तेच घोटाळे होतात. म्हणून हे एकदा लिहून ठेवतोय.

सुरुवातीलाच एक गोष्ट स्पष्ट करतो. इसेला जाऊन तुम्हाला मुख्य देऊळ दिसणार नाही. त्याभोवती एकामागे एक चार लाकडी कुंपणं आहेत. सर्वसामान्य भाविक बाहेरच्या कुंपणाच्या दारापर्यंतच जाऊ शकतो आणि त्या दारावरही पांढरा पडदा असतो. वर बघितलं तर गवताने शाकारलेलं छप्पर आणि सोनेरी टोकांची लाकडं थोडीशी दिसतात. मूर्ती नाही, गाभारा नाही, आरती नाही. हे आधी माहीत नसलं तर माणूस परतताना म्हणतो, 'एवढ्या लांब येऊन पाहिलं काय?' माहीत असलं तर त्याच वाटेवर बघण्यासारखं खूप सापडतं.

१. कुठे जायचंय ते आधी समजून घ्या

इसे जिंगू म्हणजे एक देऊळ नव्हे. लहानमोठी मिळून १२५ देवळं त्यात मोजतात. त्यातली मुख्य दोन. नाइकूमध्ये अमातेरासू ही सूर्यदेवता आहे. आपल्याकडे सूर्य पुरुष, इथे ती देवी आणि जपानच्या राजघराण्याची मूळ पूर्वज. गेकूमध्ये तोयोउके ही अन्नाची देवता आहे. परंपरा सांगते की अमातेरासूच्या जेवणाची व्यवस्था बघण्यासाठी तिला इथे आणलं. गेकूच्या आवारात आजही रोज सकाळ-संध्याकाळ नैवेद्य होतो आणि त्यासाठी लाकडावर लाकूड घासून अग्नी पेटवतात. भात, पाणी, मीठ, भाज्या, फळं, समुद्री शेवाळ, मासे आणि साके (तांदळाची दारू) असा तो नैवेद्य. मासे ऐकून घरच्या शाकाहारी मंडळींचे चेहरे बदलतात, तेव्हा हे त्यांना आधीच सांगा.

ही दोन देवळं शेजारी नाहीत. मध्ये पाच-सहा किलोमीटरचं अंतर आहे. रिवाज असा की आधी गेकू, मग नाइकू. सहलीच्या बसगाड्या वेळ वाचवायला थेट नाइकूला सोडतात. तुम्ही स्वतः जात असाल तर तसं करू नका. गेकूला गर्दी कमी असते, झाडी दाट आहे, आणि हात धुण्यापासून टाळ्या वाजवण्यापर्यंतची सवय तिथे निवांत होते.

२. दिवस आणि वेळ ठरवा

प्रवेश फुकट आहे, आगाऊ नोंदणी लागत नाही. दोन्ही देवळं पहाटे ५ वाजता उघडतात. बंद व्हायची वेळ मात्र ऋतूप्रमाणे बदलते: मे ते ऑगस्ट संध्याकाळी ७, ऑक्टोबर ते डिसेंबर ५, बाकीच्या महिन्यांत ६. हिवाळ्यात दुपारी दोनला पोहोचून दोन्ही करू म्हणाल तर धावपळ होईल.

टाळायचे दिवस: नव्या वर्षाचा पहिला आठवडा, मे महिन्याच्या सुरुवातीचा सुट्ट्यांचा आठवडा आणि कोणताही लांब शनिवार-रविवार. डिसेंबरात सर्वांत लहान दिवसाच्या सुमारास नाइकूच्या पुलावरच्या तोरीईमधून सूर्य उगवताना दिसतो. ते बघायला पहाटेच्या थंडीत शेकडो लोक उभे असतात. हौस असेल तर जा, शांतता हवी असेल तर नको.

महिन्याच्या १, ११ आणि २१ तारखेला सकाळी देवस्थानाचा घोडा मुख्य देवळासमोर आणून नमस्कार करवतात. लहान मुलं बरोबर असतील तर तारीख तशी निवडा.

आणखी एक. जपानी लोक घरात मृत्यू झाल्यावर साधारण ५० दिवस शिंतो देवळात जात नाहीत. सुतक हा प्रकार आपल्याला समजावून सांगावा लागत नाही. तुम्हाला कोणी दारात अडवून विचारणार नाही, पण जपानी सहकारी 'यंदा मी येत नाही' म्हणाला तर आग्रह करू नका.

३. जवळ काय ठेवायचं

- पासपोर्ट. पर्यटकाने तो सतत जवळ बाळगणं जपानमध्ये कायद्याने बंधनकारक आहे. इथे राहणाऱ्यांनी रेसिडेन्स कार्ड ठेवावं.
- रोख येन, त्यातही सुट्टी नाणी. देवापुढे ठेवायला, बसला, छोट्या दुकानांत लागतात.
- हातरुमाल. हात धुतल्यावर पुसायला काही ठेवलेलं नसतं.
- चालायचे बूट. सगळी वाट जाड खडीची आहे. उंच टाचा आणि चाकांची बॅग दोन्ही इथे निरुपयोगी.
- मोठं सामान असेल तर ते इसेशी या इथल्या रेल्वे स्थानकावरच्या लॉकरमध्ये ठेवा.
- शाकाहारी असाल तर बरोबर थोडा खाऊ. कारण खाली सांगतो.

नारळ, हार, अगरबत्ती, पेढे यातलं काहीही नेऊ नका. ते अर्पण करायला जागाच नाही. आणि चपला कुठे काढायच्या हा आपला पहिला प्रश्न: कुठेही नाही. देवासमोरही बूट घालूनच उभं राहायचं. माझ्या वडिलांना याची खूप अडचण वाटली होती. टोपी मात्र नमस्काराच्या वेळी काढायची.

कपड्यांचा नियम लेखी नाही, पण समुद्रकिनाऱ्यावरचे कपडे नकोत. देणगी देऊन बाहेरच्या कुंपणाच्या आत जाऊन नमस्कार करण्याची सोय आहे. तिथे मात्र पुरुषांना सूट आणि टाय, स्त्रियांना त्याच तोलाचा पोशाख लागतो. जीन्स घालून गेलात तर नम्रपणे परत पाठवतात.

४. इसेशी स्थानक गाठा

नागोयाहून सोपा मार्ग किंतेत्सू रेल्वेचा. त्यांची जलद गाडी साधारण १ तास २० मिनिटांत इसेशीला पोहोचवते. ओसाकाहून पावणेदोन तास, क्योतोहून सुमारे दोन तास. तोक्योहून येणाऱ्यांनी शिंकान्सेन या बुलेट ट्रेनने नागोयाला यावं आणि तिथे गाडी बदलावी.

इथे फसण्याच्या जागा तीन आहेत.

पहिली: किंतेत्सूच्या जलद गाडीला दोन तिकिटं लागतात, एक प्रवासाचं आणि एक जलद गाडीच्या आसनाचं. सुइकासारखं प्रवासाचं रिचार्ज कार्ड दाखवून फाटकातून आत गेलात म्हणजे दुसरं तिकीट झालं असं नाही. ते वेगळं काढा.

दुसरी: पर्यटकांचा जेआर (जपान रेल्वे) पास किंतेत्सूवर चालत नाही, ती वेगळी कंपनी आहे. पास असेल तर नागोयाहून जेआरची 'मिए' नावाची गाडी घ्या. ती मधला काही भाग इसे रेल्वे या वेगळ्या कंपनीच्या रुळांवरून जाते, आणि त्या भागाचे पाचशे येनच्या आसपास पैसे पासधारकालाही भरावे लागतात. तिकीट तपासनीस गाडीतच घेतो, घाबरू नका. पास नसेल आणि जेआरनेच जायचं असेल तर कार्डावर विसंबू नका, नागोयातच कागदी तिकीट काढा.

तिसरी: इसेशी स्थानकाला दोन बाजू आहेत. गेकूला जायचं तर जेआरच्या बाजूने, म्हणजे दक्षिणेला बाहेर पडा. समोर लाकडी तोरीई दिसली की बरोबर आलात. तिथून सरळ रस्त्याने पाच-सात मिनिटं चालायचं.

५. गेकू: इथे सवय करून घ्या

तोरीईखालून जाण्यापूर्वी थांबून एकदा वाकायचं. परत येताना बाहेर पडल्यावर मागे वळून पुन्हा एकदा. वाटेच्या मधोमध चालायचं नाही, मधली जागा देवाची मानतात. गेकूत डाव्या बाजूने चाला, नाइकूत उजव्या. फलक असतात, आणि पुढचे लोक काय करतात ते बघितलं तरी चालतं.

इथल्या तोरीई साध्या, न रंगवलेल्या लाकडाच्या आहेत. लाल रंग शोधू नका.

*हात कसे धुवायचे.* वाटेतल्या पाण्याच्या कुंडावर उजव्या हातात पळी घ्या, डाव्या हातावर पाणी घाला. पळी डाव्या हातात, उजव्यावर पाणी. पुन्हा उजव्या हातात घेऊन डाव्या ओंजळीत थोडं पाणी घ्या आणि चूळ भरा. पळी तोंडाला लावायची नाही, हे आपल्याला शिकवावं लागत नाही. चूळ बाजूच्या नाल्यात टाका, कुंडात नव्हे. डावा हात पुन्हा धुवा आणि शेवटी पळी उभी धरा, म्हणजे उरलेलं पाणी दांड्यावरून ओघळून तोही धुतला जाईल. हे सगळं एका पळीभर पाण्यात बसवायचं असतं. पळ्या ठेवलेल्या नसतील तर वाहत्या पाण्यात हात धुवा, पुरे.

*नमस्कार कसा करायचा.* दोनदा कमरेतून खोल वाका, छातीसमोर दोन टाळ्या वाजवा, हात जोडून मनात बोला, मग एकदा वाका. घंटा नाही. पैसे टाकायला ठरावीक दानपेटीऐवजी पांढरं कापड अंथरलेलं दिसेल. पूर्वी इथे सम्राटाशिवाय कोणालाही वैयक्तिक अर्पण करण्याची बंदी होती, त्यामुळे नाणं न टाकता हात जोडलेत तरी काही चुकत नाही. साष्टांग घालू नका, मागचे खोळंबतात. प्रदक्षिणेला वाट नाही.

मुख्य देवळात स्वतःसाठी मागायचं नाही, आभार मानायचे, असं इथले लोक सांगतात. मागणं मागायला गेकूत ताका-नो-मिया हे वेगळं देऊळ आहे. तिथे जायला ९८ पायऱ्या चढाव्या लागतात. गुडघ्यांचा त्रास असलेल्यांसाठी पायऱ्यांच्या पायथ्याशी दुरून नमस्कार करण्याची जागा आहे.

मुख्य देवळाच्या शेजारी तेवढ्याच मापाची एक मोकळी जागा दिसेल, पांढरी खडी पसरलेली आणि मध्ये एक छोटंसं लाकडी खोपटं. बहुतेक लोक तिच्याकडे न बघता पुढे जातात. मला विचाराल तर इसेत सर्वांत बघण्यासारखी हीच जागा आहे. दर २० वर्षांनी त्या मोकळ्या जागेवर हुबेहूब तसंच नवं देऊळ बांधतात, देव तिकडे हलवतात आणि जुनं उतरवतात. ही प्रथा सन ६९० मध्ये सुरू झाली. पंधराव्या-सोळाव्या शतकातल्या यादवीत शंभराहून अधिक वर्षं खंड पडला, तेवढा सोडला तर चालूच आहे. ६२ वा सोहळा २०१३ मध्ये झाला, पुढचा २०३३ मध्ये. त्यासाठीची झाडं तोडण्याचा विधी जून २०२५ मध्ये किसोच्या जंगलात झालासुद्धा. नुसतं देऊळ नव्हे, देवाची वस्त्रं, शस्त्रं, भांडी अशा ७१४ प्रकारच्या १,५७६ वस्तूही नव्याने घडवतात. सुतार, विणकर, लोहार यांची एक पिढी दुसरीला काम शिकवते ती यातूनच. उतरवलेलं लाकूडही वाया जात नाही, ते देशभरातल्या इतर देवळांना जातं.

म्हणूनच गेकूच्या तळ्याकाठचं सेंगूकान हे संग्रहालय चुकवू नका. त्याला छोटं तिकीट आहे. आत गेकूच्या मुख्य इमारतीच्या एका भागाची खऱ्या मापाची प्रतिकृती आहे, म्हणजे कुंपणापलीकडचं जे दिसत नाही ते इथे हाताच्या अंतरावर बघता येतं. काही मंगळवारी ते बंद असतं, आधी तपासून घ्या.

६. बसने नाइकूला

गेकूच्या समोरच थांबा आहे. ५१ किंवा ५५ क्रमांकाची बस घ्या, रहदारी नसेल तर १५-२० मिनिटं लागतात. सुट्टीच्या दिवशी शेवटचा किलोमीटर रेंगाळत जातो. चालत जाण्याचा विचार करू नका, पुढे पाय लागणार आहेत.

७. नाइकू

सुरुवात उजी पुलाने होते. इसुझू नदीवरचा हा १०० मीटरच्या आसपास लांबीचा लाकडी पूल, तोही दर २० वर्षांनी नवा. दोन्ही टोकांच्या तोरीई जुन्या मुख्य देवळांच्या खांबांतून घडवलेल्या आहेत: आतली नाइकूच्या, बाहेरची गेकूच्या.

पूल ओलांडून उजवीकडे वळा. थोड्या वेळाने नदीकाठी दगडी घाट लागतो. पूर्वीचे यात्रेकरू इथे शुद्ध होऊन पुढे जात. हात इथे धुतले तरी चालतात, आणि मला तेच आवडतं. पाणी हिवाळ्यात बोटं बधिर करतं. नदीत नाणी टाकू नका.

मुख्य देऊळ दगडी पायऱ्यांच्या वर आहे. फोटो फक्त पायऱ्यांच्या खालून. वर मोबाइल काढलात की पहारेकरी येतोच. वाऱ्याने दारावरचा पांढरा पडदा उडाला तर तो शुभ समजतात, त्यामुळे लोक थोडे रेंगाळतात. तुम्हीही रेंगाळा, पण बाजूला सरकून.

छपराकडे नीट बघा. टोकाला फुलीसारखी वर गेलेली लाकडं नाइकूत आडवी कापलेली आहेत, गेकूत उभी. कण्यावर आडवे ठेवलेले ओंडके नाइकूत १०, गेकूत ९. आधी गेकू बघून आलेल्यालाच हा फरक लक्षात येतो.

परतताना अरामात्सुरी-नो-मिया या देवळात जा. नाइकूतलं मागणं तिथे मागतात.

आई-वडिलांना नेत असाल तर पुलाजवळ चौकशी करा, व्हीलचेअर विनामूल्य मिळते. खडीतून ढकलायला मात्र एक धडधाकट माणूस लागतो, आणि मुख्य पायऱ्या उरतातच.

८. ताईत आणि शिक्का

ताईत दोन्ही ठिकाणी अधिकृत खिडकीवर मिळतात. इतर देवळांत मिळतात तशा भविष्याच्या चिठ्ठ्या इथे नाहीत, शोधू नका. देवळांचे शिक्के जमवायची वही असेल तर ती आणा. इसेचा शिक्का अगदी साधा, लाल ठसा आणि तारीख एवढंच. कलाकुसरीची अपेक्षा असलेले नाराज होतात.

९. ओहाराईमाची आणि पोटापाण्याचं

पूल ओलांडून बाहेर आलात की उजवीकडे नदीला समांतर सुमारे ८०० मीटरची ओहाराईमाची ही गल्ली आहे, जुन्या धाटणीच्या लाकडी घरांची. तिच्या मध्यावर ओकागे योकोचो हा जुन्या काळासारखा उभारलेला भाग. तो १९९३ चा आहे, पुरातन समजू नका. घरांच्या दारांवर भाताच्या काडाची दोरी वर्षभर लटकलेली दिसेल. बाकी जपानात ती नववर्षानंतर उतरवतात.

एदो काळात, म्हणजे सतराव्या ते एकोणिसाव्या शतकात, सामान्य माणसाला गाव सोडून हिंडायची मुभा नव्हती, पण इसेची यात्रा म्हटलं की परवानगी मिळे. खर्च परवडत नसे म्हणून गावकरी आपल्या भिशीसारखा गट करत, पैसे जमवत, आणि चिठ्ठीत ज्याचं नाव निघे तो सगळ्यांच्या वतीने यात्रेला जाई. अगदीच जमत नसेल तर कुत्र्याच्या गळ्यात पैसे बांधून त्याला पाठवल्याच्याही नोंदी आहेत. वाटेतले लोक त्याला खाऊ घालत आणि पुढे धाडत. त्या कुत्र्यांच्या बाहुल्या इथे विकायला असतात. आज मात्र कुत्र्याला पुलापलीकडे प्रवेश नाही.

खाण्याचं. अकाफुकू हा तांदळाच्या मऊ गोळ्यावर गोड लाल चवळीसारख्या अझुकीचं पुरण थापलेला पदार्थ, १७०७ पासूनचा. शाकाहारींनी बिनधास्त खावा. मुख्य दुकान पहाटे ५ ला उघडतं. घरी न्यायचा तर लक्षात ठेवा, दोन-तीन दिवसांपलीकडे टिकत नाही, भारतात नेण्यात अर्थ नाही.

इसे उदोन मात्र सापळा आहे. जाड, मऊ शेवया आणि काळसर रस्सा, वर फक्त कांद्याची पात. दिसायला शुद्ध शाकाहारी, पण रश्श्यात सहसा वाळवलेल्या माशाचा अर्क असतो. 'निकू नाशी' म्हणजे मांस नको, एवढंच सांगून भागत नाही, कारण माशाचा अर्क त्यांच्या लेखी मांस नव्हे. मासे खाणाऱ्यांनी तेकोने-झुशी खावी, मुरवलेल्या माशाच्या फोडी आंबटगोड भातावर. शाकाहारींनी आंबट प्लमचा भाताचा गोळा दुकानातून आधीच घेऊन ठेवावा.

इथली बरीच दुकानं संध्याकाळी पाचच्या सुमारास बंद होतात. 'आधी दर्शन, मग निवांत जेवू' हे हिवाळ्यात जमत नाही.

१०. वेळ उरला तर

इसेशीहून जेआरने फुतामिनोउराला जा. तिथे समुद्रात दोन खडक जाड दोराने एकमेकांना बांधले आहेत, त्यांना नवरा-बायको मानतात. जुन्या यात्रेकरूंचा क्रम खरं तर इथून सुरू होई: आधी समुद्रात शुद्ध होणं, मग गेकू, मग नाइकू. मे ते जुलैमध्ये सूर्य या दोन खडकांच्या मधून उगवतो, त्यासाठी आदल्या रात्री फुतामीतच मुक्काम करावा लागतो. स्थानकापासून चालत १५ मिनिटं. ही गाडी तासाला एखादीच असते, तेव्हा उतरल्याबरोबर परतीच्या वेळापत्रकाचा फोटो काढून ठेवा.